अनुभव धागा : बाळ मांडीवर, काम घरात – तुमची कमाई कशी सुरू झाली?

मला सातवा लागलाय. नाशिकमध्ये एका खासगी क्लासमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवते. कंत्राटी आहे, त्यामुळे 'मॅडम, रजा हवी तेवढी घ्या, पगार मात्र नाही' असं हसत हसत सांगून झालंय. घराचा हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला. म्हणून हा धागा.

एक विनंती. 'हल्ली ऑनलाइन खूप स्कोप आहे' एवढंच लिहू नका, ते आमचे शेजारीही सांगतात. काम कुठून मिळालं, पैसे किती आणि कधी हातात आले, आणि काम करताना बाळ कोणाकडे होतं, हे लिहा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच देत नाही, म्हणून मुद्दाम विचारतेय.

कोथरूडची

तिसऱ्यापासूनच सुरुवात करते. पहिले तीन महिने आई होती. ती परत गेल्यावर सकाळी चार तासांसाठी एक मावशी ठेवल्या. माझ्या कमाईतले जवळजवळ निम्मे त्यांना जायचे. सासरी यावरून बरंच बोलून झालं, 'मग फायदा काय?' वगैरे. फायदा हा की काम सुटलं नाही, ओळखी तुटल्या नाहीत.

काम भाषांतराचं, इंग्रजीतून मराठी. आधी जाहिरातीत होते, तिथल्या ओळखीतून पहिली एजन्सी मिळाली. सुरुवातीचा दर शब्दाला एक रुपया. ऐकायला बरं वाटतं, पण औषधाच्या माहितीपत्रकाचे हजार शब्द नीट करायला पूर्ण दिवस जातो, आणि बाळाचा 'पूर्ण दिवस' म्हणजे पाऊण-पाऊण तासाचे तुकडे. बिल दिल्यावर पैसे ४५ दिवसांनी. म्हणजे काम सुरू केल्यावर पहिले दोन महिने हातात शून्य, ही तयारी ठेवा. वर १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर कापतात. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर तो परत मिळतो, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. आमच्यातल्या कितीतरी जणी ते पैसे तसेच सोडून देतात.

चाचणी म्हणून दोन-तीनशे शब्द फुकट करून द्यायला हरकत नाही. कोणी अख्खं प्रकरण 'सॅम्पल' म्हणून मागितलं तर नमस्कार करून निघा.

आणखी एक कडू गोष्ट. आता निम्म्या कामांत मशीनने केलेलं भाषांतर येतं आणि 'फक्त तपासा' म्हणून निम्म्याहून कमी दर लावतात. ते तपासणं नव्याने लिहिण्यापेक्षा जास्त डोकं खातं. आज कोणी नव्याने सुरुवात करणार असेल तर फक्त यावर विसंबू नका.

अळीव_आणि_डिंक

सांगली. माझं काम माझ्याच बाळंतपणातून निघालं. आईने केलेले डिंकाचे लाडू मैत्रिणीने नेले, तिच्या वहिनीने मागितले, आणि मग फोन थांबेनात.

डिंक तळताना घाई चालत नाही. तूप बेताचं तापलेलं हवं, डिंक थोडा थोडा टाकायचा, आणि फुलल्यावर एखादा खडा दाबून बघायचा. आत काचेसारखी कणी राहिली असेल तर तो लाडू बाळंतिणीच्या दाताला चिकटणार आणि गिऱ्हाईक कायमचं जाणार. अळिवाचे लाडू मागणारे पुष्कळ, पण ओल्या नारळाचे असल्यामुळे ते टिकत नाहीत. म्हणून अळीव फक्त गावात, आणि डिंक-खारीक कुरिअरने. कोल्हापूर-साताऱ्याकडे एसटीचं पार्सलही पाठवलंय.

भाव काढताना सुका मेवा, तूप, गूळ सगळेच धरतात. गॅस, डबा, चिकटपट्टी, कुरिअर आणि आपली मजुरी धरत नाहीत. मी मजुरी वेगळी लिहायला लागले तेव्हा भाव किलोमागे दीडशेने वाढवावा लागला. दोन-तीन गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी करा. मी २०२१ मध्ये केली तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली की साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी नंबर मिळतो, तो डब्यावर छापला की दुकानदार माल ठेवायला तयार होतात.

बाळ कोणाकडे? लाडू वळायला सासूबाई, मग बाळ सासऱ्यांकडे. निवृत्त हेडमास्तर. बाळाला मांडीवर घेऊन पेपर मोठ्याने वाचायचे. उन्हाळ्यात मात्र मागणी पार बसते. चार महिने थंडीचे, बाकी तुटपुंजं. हे गृहीत धरूनच उतरा.

एच४वरची

टेक्सास. माझं उत्तर छोटं आहे, काम मिळालंच नाही. एच४ म्हणजे इथे एच१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यावर वर्क परमिट नसेल तर इथे नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जोडीदारांना ते मिळतं, पण त्यासाठी नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत जावी लागते. आमची गेली नव्हती. पुण्याच्या जुन्या ऑफिसने 'तिथून कर ना, कोणाला कळतंय' म्हटलं. वकिलाला विचारलं, त्याने नको म्हटलं. 'परदेशात बसून आरामात भारतातलं काम कर' असा सल्ला देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

जाऊबाई_नं_२

कमाईचा नव्हे, सावधगिरीचा अनुभव. माझ्या धाकट्या जावेला आठव्या महिन्यात डेटा एंट्रीचं काम 'मिळालं'. आठवड्यात ठरावीक फॉर्म भरायचे, अचूकता ९५ टक्के हवी. ती रात्र रात्र बसली. शेवटी 'अचूकता कमी पडली, करार मोडला, इतके हजार भरा नाहीतर कोर्टाची नोटीस' म्हणून फोन. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाच्या लेटरहेडवर खरोखर नोटीस आली. ती घाबरून दोन दिवस जेवली नाही, कोणाला बोललीही नाही.

दिरांनी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि फोन उचलणं बंद केलं. पुढे काहीही झालं नाही. असल्या टोळ्या नेमक्या घरात अडकलेल्या, पैशांची निकड असलेल्या बायका हेरतात. काम देण्यासाठी पैसे मागणारा खरा काम देणारा नसतो. आणि टेलिग्रामवर 'लाइक करा, पैसे मिळवा' सांगणाराही.

सोलापूरकरीण

घरून काम काही लॅपटॉपबरोबर आलं नाही हो. आमच्या आईने आम्हा भावंडांना विड्या वळून वाढवलं. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, आणि पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी. मजुरी हजार विड्यांमागे, त्यातून खराब म्हणून काढलेल्या वजा. कमाई होती, पण तंबाखूची धूळ घरभर आणि आम्ही त्यातच झोपायचो. म्हणून घरात कुठलं काम आणायचं, हे बाळाच्या नाकानेही बघावं.

मी शिवणात आहे. फॉल-पिको, ब्लाउज आणि बाळंतविडे : झबली, टोपरी, कुंची, दुपटी. जुन्या सुती साडीच्या दुपट्यांना सध्या पुण्या-मुंबईकडून चांगली मागणी आहे. फॉल हाताने लावायचा असतो, बाळ उठलं की सुई टोचून ठेवून उठता येतं. ब्लाउज कापताना उठलात तर कापड गेलं. काम निवडताना मी एवढंच बघते, मध्येच टाकता येतं का.

हिंजवडी_ते_पाळणाघर

मी उलट दिशेची. २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. पुढे घरून काम करायची परवानगीही मिळाली. ती कायद्याने हक्काची नाही, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत कंपनी आणि बाईने आपसात ठरवावी अशी सोय झाली. पण दिवसभर मीटिंगमध्ये म्यूटवर राहायचं, घरात सगळ्यांना वाटतं ही घरीच आहे, आणि ऑफिसला वाटतं ही बाळाकडेच आहे. शेवटी ऑफिसलाच परत गेले. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते, ती मागून घेतली. कोणी याला हार म्हणालं तर म्हणो.

धागाकर्तीसाठी : क्लासवाल्यांचं म्हणणं तसंच सोडू नका. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर बहुतेक ठिकाणी मातृत्व लाभ लागू होतो (आधी त्याचा वेगळा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आहे). प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. कंत्राटी म्हणून आपोआप बाहेर, असं नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही सुप्रीम कोर्टाने २००० साली हा लाभ दिला होता. कामगार आयुक्त कार्यालयात किंवा वकिलाकडे एकदा विचाराच.

धागाकर्ती

हे कोणीच सांगितलं नव्हतं. क्लासमध्ये आम्ही शिपाई धरून चौदा जण आहोत. हजेरीच्या वहीचे फोटो आजच काढून ठेवते.

ऑनलाइन शिकवणीचा विचार होता. पण मुलं शाळेतून येऊन बसणार संध्याकाळी पाच ते आठ, आणि सगळ्या आया म्हणतात की बाळांची किरकिरही नेमकी तेव्हाच. सोलापूरच्या ताईंची कसोटी लावली तर लाइव्ह क्लास नापासच.

कोथरूडची

मग शिकवू नका, प्रश्न तयार करा. प्रकाशकांना आणि ॲपवाल्यांना बोर्डाच्या धर्तीचे गणिताचे प्रश्न उत्तरांसह लागतात, मराठी आणि सेमी-इंग्रजी दोन्ही. एकेक प्रश्न सुटा असतो, त्यामुळे मध्येच उठता येतं. दर प्रश्नामागे ठरवा, पानामागे नको. आकृती काढायची असेल तर वेगळे पैसे लावा. आणि बिलावर पैसे द्यायची तारीख लिहा, नाहीतर माझ्यासारखे ४५ दिवस मोजाल.

धागाकर्ती

भूमितीच्या आकृत्या मी संगणकावर काढते, तेवढं येतं. वीस प्रश्नांचा नमुना संच करायला घेतेय. सेमीवाल्यांसाठी दर वेगळा लावतात का, कोणी सांगेल?