मदत हवी आहे: इंजिनाला घरीच रंग द्यायचाय, कोणता टिकेल?

जुनंसोनं
इंजिनावरचा रंग पोपडे धरून निघतोय. आधीच्या मालकाने दिलेला चंदेरी हात आहे. सगळा खरवडून नवा द्यायचाय. कोणता घेऊ? ब्रशने चालेल का? रविवारी काम काढलंय, लवकर सांगा. इंजिन उतरवायला सांगू नका, तेवढं बजेट नाही.

तेलकट हात
गाडी कोणती? पोपडे ब्लॉकवर (इंजिनाचं मुख्य धड) आहेत की एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणारा नळा)?

मिरजकर
गाडी कुठलीही असू दे. ६०० अंशांचा हीट रेझिस्टंट ॲल्युमिनियम पेंट आणा, चिमण्यांना लावतात तो. माझ्या जीपला ब्रशनेच मारलाय, अजून टिकून आहे.

तेलकट हात
मिरजकर, तो सिलिकॉनचा रंग चांगला भाजल्याशिवाय पक्का होत नाही. मॅनिफोल्ड तेवढा तापतो. ब्लॉकमध्ये पाणी फिरतं, तो शंभर अंशांच्या आसपासच राहतो. तिथे पेट्रोलचं फडकं फिरवलं की रंग हातात येतो.

मिरजकर
माझा आला नाही. मी लावून बघितलेलं सांगतोय, वाचलेलं नाही.

पावडरवाला
पावडर कोटिंग करा, कटकट संपली.

तेलकट हात
त्याला सगळं सुटं करून भट्टीत घालावं लागतं. ते इंजिन उतरवणार नाहीत म्हणाले ना!

जुनंसोनं
पद्मिनी आहे हो, ७८ची. ब्लॉकवरच निघतोय, जास्त करून टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरचं पत्र्याचं झाकण) खाली.

दादरकर
पद्मिनी! मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ची होती, ऑक्टोबर २०२३मध्ये तिची २० वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून गेली. फार वाईट वाटलं होतं. तुमची जपा.

नियमावली
रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या. विंटेज नोंदणीला ५० वर्षं लागतात, तुमची अजून बसत नाही.

तेलकट हात
ती नोंद बॉडीच्या रंगाची, इंजिनाच्या नव्हे. मात्र ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर घासू नका आणि रंगाने बुजवूही नका. पासिंगला तोच बघतात.

जुनंसोनं, कव्हरखालीच निघतोय म्हणजे गॅस्केटमधून (कव्हरच्या सांध्यात बसणारी पट्टी) तेल पाझरत असणार. ते थांबल्याशिवाय कुठलाच रंग धरणार नाही. आधी गॅस्केट बदला. मग बॅटरीची तार काढा, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर पिशवीने बांधून घ्या. थंड इंजिन रॉकेलने धुवा, नंतर साबणाचं पाणी, तारेचा ब्रश, शेवटी थिनरचं फडकं. कॉस्टिक अजिबात नको, या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते खाल्लं जातं. ब्लॉक बिडाचा आहे, त्याला प्रायमर आणि इंजिन इनॅमलचे दोन-तीन पातळ हात. ब्रशने चालेल, जाड थापू नका. मॅनिफोल्डला मिरजकरांचा रंग योग्य आहे.

मिरजकर
शेवटी माझाच लावायला सांगितलात.

ठाणेकर
पाऊस असेल तर रविवार सोडा. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढुरका पडतो.

जुनंसोनं
बोट फिरवून पाहिलं, ओलं तेल लागतंय. गॅस्केट कॉर्कचं घेऊ की रबराचं?

मिरजकर
रबराचं.

तेलकट हात
कॉर्कचं. आणि नट जास्त आवळू नका, पत्र्याचं कव्हर वाकलं की पुन्हा गळेल. नवं बसवण्याआधी कव्हरची कड सपाट आहे का बघा.