हबल स्थिरांक: सेफीडच्या मोजणीत चूक लपायला जागा उरली आहे का?

तारकासूची: हबल स्थिरांक म्हणजे विश्व किती वेगाने प्रसरण पावतं त्याचा आकडा. विश्वाच्या आद्य प्रकाशाचा नकाशा काढणाऱ्या प्लँक उपग्रहाचा २०१८ चा आकडा ६७.४ ± ०.५ किमी/से/मेगापार्सेक (मेगापार्सेक हे अंतराचं एकक). रीस यांच्या गटाचा २०२२ चा, सेफीड (धडधडण्याच्या काळावरून खरी चमक कळते असे तारे) आणि सुपरनोव्हांवरून (ताऱ्यांचे स्फोट), ७३.०४ ± १.०४. दूरच्या दीर्घिकांत सेफीडच्या ठिपक्यात शेजारच्या ताऱ्यांचा उजेड मिसळतो. एवढ्यानेच हा फरक पडत नसेल ना?

प्रतमापक: आधी फरक प्रतींत (ताऱ्याच्या उजेडाच्या मापात) काढा: ५ × लॉग(७३/६७.४), म्हणजे ०.१७ प्रत. उजेड मिसळला की तारा उजळ दिसतो, अंतर कमी निघतं, स्थिरांक फुगतो. दिशा तुम्ही बरोबर पकडलीत. पण कच्ची प्रत कुणी वापरत नाही. त्याच सेफीडच्या अगदी आजूबाजूला, ठाऊक प्रतीचे खोटे तारे चित्रात पेरतात, त्याच पद्धतीने मोजतात आणि जेवढे उजळ भरतील तेवढं वजा करतात. (दीर्घिकाभर कुठेही पेरले तर दुरुस्ती चुकते, कारण सेफीड सर्पिल भुजांच्या गर्दीत असतात.) शिवाय ही चूक अंतराबरोबर वाढायला हवी. वेब अवकाश दुर्बिणीचा आरसा ६.५ मीटरचा, हबल दुर्बिणीचा २.४, म्हणून वेबला शेजारचे तारे जास्त वेगळे दिसतात. वेबने हजारावर सेफीड पुन्हा तपासले. आलेखातलं विखुरणं निम्म्याहून कमी झालं, सरासरी जागची हलली नाही.

शिडीची_पायरी: गर्दीचा मुद्दा संपला, हे मान्य. शिडी (जवळच्या अंतरांवरून दूरची काढण्याची ही साखळी) मात्र निर्दोष ठरत नाही. फ्रीडमन यांच्या गटाने वेबवरच लाल राक्षसी ताऱ्यांच्या शिखरावरून (त्यांच्या ठरावीक कमाल चमकीवरून) सुमारे ७० काढला. त्यांचा पाया एकच, एनजीसी ४२५८ ही दीर्घिका: मेसरवरून (तिथल्या वायूतून येणाऱ्या सूक्ष्मलहरींवरून) ७.५८ मेगापार्सेक, चूक दीड टक्का.

प्रतमापक: पाया तोच धरूनही सेफीड ७३ च्या आसपासच येतात. फ्रीडमन यांच्या पहिल्या निकालात १० दीर्घिका आणि ११ सुपरनोव्हा होते. एका सुपरनोव्हाची प्रत ०.१ ने इकडेतिकडे असतेच, त्यामुळे इतक्या थोड्यांत कोणते निवडले यावरही आकडा सरकतो.

ध्वनिक्षितिज: प्लँकने स्थिरांक मोजलेलाच नाही, हे सगळे विसरतात. मोजला तो आद्य विश्वातल्या ध्वनिलहरींनी गाठलेल्या अंतराचा आकाशातला कोन, सुमारे ०.६ अंश. त्या अंतराची खरी लांबी, साधारण १४४ मेगापार्सेक, विश्वाच्या गणिती प्रतिकृतीतून येते. ७३ हवे असतील तर ही पट्टी सुमारे ७ टक्क्यांनी आखूड करावी लागते. त्यासाठी सुरुवातीच्या विश्वात जादा कृष्ण ऊर्जा (प्रसरणाला वेग देणारी) घालतात, पण मग द्रव्याचे पुंजके गरजेपेक्षा दाट होतात. मला तो उपाय ठिगळ वाटतो.

शिडीही नको, पट्टीही नको, तर गुरुत्वीय लहरी: त्यांच्यावरून अंतर थेट निघतं. २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीने ७० दिले, पण चूक +१२, −८. अशा डझनावारी घटना हव्यात, आणि प्रत्येकीची दीर्घिका सापडायला हवी. हिंगोलीची लायगो (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) सुरू झाली की स्रोताची आकाशातली जागा बरीच आकसेल.