एस्पेरांतोतला ‘च’ : चाकातला की चिमणीतला?

प्रश्न : एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकायला घेतली आहे. त्यात रोमन ‘सी’चा उच्चार ‘त्स’ सांगतात. तो मी ‘चाक’मधल्या च सारखा केला तर चालेल का? टिपणं देवनागरीत काढतो, तिथे काय लिहू?

उत्तर : चालेल काय, तोच बरोबर आहे. ती घडवणाऱ्या झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सात ही भाषा प्रसिद्ध केली, ती ‘जसं लिहिलं तसं वाचायचं’ या नियमासकट. म्हणून दोन्ही च तिथे वेगवेगळे लिहितात. साधा सी दंत्य (‘चाक’मधला, जीभ दातांशी), डोक्यावर टोपी असलेला तालव्य (‘चिमणी’तला, जीभ टाळूशी). (त्या खुणेला ते लोकही टोपीच म्हणतात, ‘चापेलो’, आणि या शब्दाची सुरुवातच टोपीवाल्या सीने होते!) आपण लेखनात फरक करत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘जिवंत राहा’, हे संदर्भावरून ओळखतो.

गाडी अडते ती पुढच्या स्वरापाशी. ‘घराचा’ म्हणताना जीभ दातांशी असते, ‘घराची’ म्हणताच टाळूकडे सरकते. चिमणी, चेंडू या शब्दांत सुरुवातीलाच इ-ए आल्यामुळे च आपसूक तालव्य होतो. एस्पेरांतोत ही सवय घात करते, कारण ‘च़ेलो’ (खाली टिंब असलेला च दंत्य) म्हणजे ध्येय आणि ‘चेलो’ म्हणजे पेशी. मी ‘नाचेन’ म्हणून बघायचो आणि मग ‘ना’ गाळायचो. उरलेल्या ‘चेन’मध्ये जीभ दातांशीच राहते. आठवडाभरात जमलं.

लिहिताना नुक्ता, म्हणजे अक्षराखाली टिंब, द्या, च़. ‘त्स’ लिहिलं की ‘वत्सा’सारखा आघात येतो आणि शांततेचा ‘पाच़ो’ उगाच ‘पात्-सो’ होतो.

प्रश्न : आणि टोपीवाला एच? तो घशातला ख़ ना? पण बरेच जण सरळ क म्हणताना ऐकले.

उत्तर : बरोबर ऐकलंत. पण उच्चार सैल झालेला नाही, शब्दच बदलले आहेत आणि ते तसेच लिहिलेही जातात. रसायनशास्त्राचा ‘ख़ेमियो’ जाऊन ‘केमियो’ रूढ झाला. जिथे क आणल्यावर दुसऱ्याच शब्दाशी टक्कर होते, तिथे मात्र हे जमत नाही. ‘एख़ो’ म्हणजे प्रतिध्वनी, ‘एको’ म्हणजे आरंभ, म्हणून एख़ो टिकला. ‘ख़ोरो’ म्हणजे गायकवृंद. त्याचा ‘कोरो’ केला तर हृदय होतं. तिथे लोकांनी ‘कोरुसो’ हा निराळाच शब्द जवळ केला. तेव्हा ख़ शिकून ठेवाच, एख़ोसाठी तरी लागेल.