गॅसकेट बदललं, गाडी परत गरम : भरपाई कुणी द्यायची?

घाटवळण
वाद जुनाच आहे, म्हणून एक उदाहरण धरून मांडतो. करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा लालवर गेला. कोल्हापुरातल्या गॅरेजवाल्यानं 'हेड गॅसकेट गेलंय' (म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकण, हेड, यांच्यामधलं पॅकिंग) म्हणून हेड उतरवलं, उद्यमनगरातल्या वर्कशॉपात फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ मशीनवर घासून सपाट करून आणलं, नवं गॅसकेट टाकलं आणि समजा 28 हजार घेतले. 800 किलोमीटर होतायत तोवर गाडी परत पाणी खायला लागली. गॅरेजचं उत्तर ठरलेलं : 'आमचं काम चोख आहे, तुमचा रेडिएटर चोक आहे', म्हणजे इंजिनचं पाणी गार करणारी जाळी तुंबलीय.

माझ्या मते सगळी जबाबदारी गॅरेजची. गॅसकेट बहुतेक वेळा आपणहून जात नाही, गाडी गरम झाली म्हणून जातं. ती का गरम झाली ते न शोधता गॅसकेट बदलणं म्हणजे छप्पर गळत असताना भिंत रंगवणं. रेडिएटर, त्याची कॅप, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडं वाट उघडणारा व्हॉल्व्ह), पंख्याचा रिले (पंखा चालू करणारा स्विच), वॉटर पंप हे बघणं त्याच कामात येतं. आणि रेडिएटर चोक होता, तर हेड उतरवलं त्या दिवशी तो दिसला कसा नाही?

दहाबारा पाना
दिसलेला असतो हो, सांगितलेलाही असतो. मालक फोनवर म्हणतात, 'तेवढं गॅसकेट करा, रेडिएटरचं पुढच्या महिन्यात बघू.' रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सगळं धरून एस्टिमेट दिलं की 'लुटायला बसलाय', आणि नाही धरलं की 'निष्काळजी'. गॅरेजवाल्यानं जायचं कुठं?

दुसरं, काटा लालवर असताना गाडी माथ्यापर्यंत दामटली कुणी? ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, पिस्टनच्या रिंगांचा ताण जातो, कधी हेडला केसाएवढी चीर पडते. ती गार इंजिनात दिसत नाही, तापल्यावर उघडते. गॅरेज आपल्या हातच्या कामाला जबाबदार, मालकानं घाटात केलेल्या कामाला नाही.

आणि स्वस्तातलं गॅसकेट स्वतः आणून द्यायचं, ते गेलं की मजुरी परत मागायची, हा तर कहरच.

उद्यमनगरी
दोघंही फेसिंगवरून उडी मारून पुढं गेलात. खरी भानगड तिथं आणि हेड बोल्टात असते.

हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर तिरपी ठेवायची, खाली फीलर गेज, म्हणजे ठराविक जाडीची पातळ पट्टी, सरकवायचा. छोट्या इंजिनांच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये हद्द 0.05 मिमीच्या आसपास असते. फट त्याहून मोठी असेल तर फेसिंग, आणि किती घासायचं त्यालाही हद्द असते. हे न मोजता 'एक हात मारून द्या' म्हणून पाठवलेली हेडं आमच्याकडं रोज येतात. चिरेचं म्हणाल, तर तिच्यासाठी प्रेशर टेस्ट आहे. हेडमधले पाण्याचे मार्ग बंद करून त्यात हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. बुडबुडा आला की चीर. तेव्हा पाना, 'गार इंजिनात दिसत नाही' हे टेस्ट न करणाऱ्यानं बोलायचं नाही.

आता बोल्ट. बऱ्याच इंजिनांत हेड बोल्ट आधी ठराविक टॉर्कवर, म्हणजे मोजलेल्या जोरानं, आवळतात आणि मग ठराविक अंशात फिरवतात, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंना. असे बोल्ट ताणले जातात, म्हणून मॅन्युअल 'नवे घाला' सांगतं. जुनेच घातले आणि टॉर्क रेंचऐवजी हाताच्या अंदाजानं आवळले, तर 800 किलोमीटरसुद्धा पुष्कळ झाले. बोल्टाच्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर रेंच टॉर्क दाखवतो, पण हेड दाबलेलं नसतं. कधी ब्लॉकच तडकतो. ब्लॉकचा फेस ग्राइंडरला खरखरीत चकती लावून साफ केला तर पूड ऑइलमध्ये उतरून बेअरिंगं खाते, ते दुखणं आणखी वेगळं.

या सगळ्यात घाट कुठं आला?

शाहूपुरीकर
थर्मोस्टॅट काढून 'आता गरम होतीय का बघा' म्हणणारे मिस्त्री राहिले की! इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मालक खूश.

कागदवाला
कायद्यानं बघू. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतली त्रुटी म्हणजे कामाच्या दर्जातला किंवा पद्धतीतला दोष, कमतरता. त्यामुळं 'गाडी पुन्हा गरम झाली' एवढ्यानं त्रुटी सिद्ध होत नाही आणि ती सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. इथं पाना यांचं म्हणणं अर्धं बरोबर. पण फेसिंगवाला गॅरेजनं निवडला, पैसे गॅरेजनं घेतले, तर मालकापुढं उत्तर गॅरेजनंच द्यायचं. ते पुढं फेसिंगवाल्याशी काय भांडायचं ते भांडेल. बिलाखाली 'गॅरंटी नाही' छापल्यानंही त्रुटी पुसली जात नाही.

तक्रारीला मुदत दोन वर्षांची. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला, म्हणजे कामासाठी भरलेल्या पैशांना, फी नाही, आणि मालक राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. पुण्याचा माणूस कोल्हापूरच्या गॅरेजविरुद्ध पुण्यात जाऊ शकतो. निकाल तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा, काही प्रकरणं तिथंच मिटतात.

बिलावर वाद असेल तरी गाडी ओढून आणायला जाऊ नका. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घ्यायचा हक्क करार कायद्याचं कलम 170 गॅरेजला देतं. पैसे भरा, पावतीवर 'हरकत राखून' लिहा, गाडी सोडवा.

दहाबारा पाना
हे सगळं मान्य, पण निम्मी प्रकरणं मालक स्वतःच मारतो. गाडी गरम झाली की रागानं दुसऱ्या गॅरेजात नेतो, तो हेड उतरवतो, जुनं गॅसकेट भंगारात टाकतो. मग पहिल्याविरुद्ध पुरावा कसला? दुसरा मिस्त्री तर 'आधीच्यानं वाट लावली' हे बोनट उघडायच्या आधीच म्हणतो. आमच्या धंद्याची रीतच ती.

उद्यमनगरी
हे खरं. म्हणून इंजिन न उघडता होणारी टेस्ट आधी करा. रेडिएटरच्या तोंडावर टेस्टर लावून, इंजिन चालू ठेवून, आतली हवा निळ्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर द्रवाचा रंग बदलतो. त्याचा व्हिडिओ काढा, गाडीचा नंबर दिसेल असा. रंग बदलला नाही तर बहुधा गॅसकेट बरं आहे. मग पाणी भरताना हवा नीट न काढल्यानं एअरलॉक झालाय का, म्हणजे पाण्याच्या वाटेत हवा अडकलीय का, पंखा वेळेवर लागतो का, ते बघा आणि गॅरेजवर उगीच चढू नका.

घाटवळण
'सगळी जबाबदारी' हे शब्द मागे घेतो. रेडिएटर साफ करायला मालकानं नकार दिला असेल आणि जॉब कार्डावर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदीवर, तसं लिहून सही असेल, तर तेवढा भाग मालकाचा. पण लिहिलेलं नसेल तर 'फोनवर सांगितलं होतं' याला काही अर्थ नाही. वर्कशॉप चालवणाऱ्याला एक ओळ लिहिणं जड जाऊ नये. गाडी उघडण्याआधी गॅरेजला व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानं हे पाठवावं असं सुचवतो :

'अमुक तारखेच्या बिलाप्रमाणं हेड गॅसकेटचं काम आपण केलं. गाडी पुन्हा गरम होत आहे. हेड माझ्यासमोर उतरवावं. फीलर गेजचं माप, फेसिंगचं बिल, प्रेशर टेस्ट केली होती का आणि हेड बोल्ट नवे घातले का, हे लेखी कळवावं. काढलेले पार्ट मला परत द्यावेत. 15 दिवसांत उत्तर न आल्यास तिसऱ्या ठिकाणी तपासणी करून खर्च आपल्याकडे मागेन.'

दहाबारा पाना
त्यात दोन्ही वेळचं किलोमीटरचं रीडिंग घाला, आणि गाडी परत गरम झाल्यावर किती अंतर चालवली तेही. टोइंग न करता कोल्हापूरपर्यंत चालवत आणली असेल तर पुढच्या नुकसानीवर मी तरी सही करणार नाही.

कागदवाला
आणि बोल्ट जुने निघाले तर?

दहाबारा पाना
मजुरी, गॅसकेट, फेसिंग आमच्याकडं. रेडिएटर मालकाचा.