मदत हवी आहे: रुगर सिंगल-सिक्स रिव्हॉल्व्हरचं दुसरं सिलिंडर

मंडळी, टेक्सासमधल्या कुणाला अनुभव असेल तर सांगा. जुनी रुगर न्यू मॉडेल सिंगल-सिक्स कन्व्हर्टिबल घ्यायची आहे. सोबत दोन सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) मिळताहेत, एक .२२ लाँग रायफल काडतुसाचं, दुसरं .२२ मॅग्नम काडतुसाचं. लोडिंग गेट (काडतूस भरायचं झाकण) उघडायचं, नळीखालची खटकी दाबून बेस पिन (सिलिंडरचा आस) ओढायची, की सिलिंडर हातात येतं. सरावाला स्वस्त काडतूस, गरज पडली तर जोरकस, हीच सोय मला फार आवडते.

पण मॅग्नम सिलिंडरवर कोरलेले आकडे फ्रेमवरच्या सीरियल नंबरच्या शेवटच्या आकड्यांशी जुळत नाहीत. म्हणजे ते दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचं असणार. घोडा (हॅमर) सावकाश मागे ओढला तर सिलिंडर नीट अडकतं, पुढे-मागे हलतही नाही. तेवढ्यावर विश्वास ठेवावा, की प्रत्येक कप्पा नळीशी सरळ येतो का हे गनस्मिथकडून तपासूनच घ्यावं?

आणखी एक. दोन्ही काडतुसांचा नेम वेगळ्या जागी लागतो म्हणतात. मग मागची साइट (नेम धरायची खाच) कोणत्या काडतुसासाठी जुळवून ठेवता?

लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या रुंद कप्प्यात उडवायचं नसतं, काडतुसाचं कवच फाटतं, हे ठाऊक आहे. घरात मुलगा शिकणार आहे, म्हणून दोन्ही सिलिंडर वेगळी ओळखू यावीत अशी काही खूण करता का?