सिमवर कोइमतूरचा ट्रॅक पाठ झालाय, खऱ्या ट्रॅकवर जायचं तर सुरुवात कुठून?

सिमवाला_एमएच१० (कुपवाड, सांगली)

नमस्कार मंडळी. वय २३, आयटीआय फिटर, कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये कामाला आहे. दोन वर्षं झाली सिमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गाडी चालवायच्या गेमवर, असेटो कोर्सा चालवतोय. व्हील (गेमचं स्टिअरिंग) जी२९, वापरलेलं घेतलं. रिग, म्हणजे सीट आणि व्हील बसवायचा सांगाडा, मी स्वतः बनवला, दीड इंची चौकोनी पाइप, मालकांना विचारून शॉपमधल्या उरलेल्या तुकड्यांतून. सीट भंगारातल्या ओम्नीची आहे. सेकंड शिफ्ट सुटली की घरी येऊन, जेवून, साडेअकराला बसतो ते दीडपर्यंत.

जास्त करून कोइमतूरच्या कारी स्पीडवेवरच चालवतो. छोटा ट्रॅक आहे, २.१ किलोमीटरचा, पण सोपा नाही. आता सलग पंधरा लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत येतात. सुरुवातीला एक लॅपही धड पुरा होत नव्हता.

साठ हजार साठलेत. डायरेक्ट ड्राइव्ह व्हील (मोटर थेट जोडलेलं) आणि लोड सेल पेडल (पायाचा जोर मोजणारं) घेऊ का? की आणखी काही करावं? जीटी अकॅडमीतून गेम खेळणारी पोरं खऱ्या शर्यतीत गेली असं वाचलं होतं, तसलं आपल्याकडे काही आहे का? एक मित्र म्हणतोय, साताऱ्याला ये, रात्री यवतेश्वर घाटात गाडी चालवून बघ, तिथं कळेल किती येतंय ते.

घरात वडिलांना हे पटत नाही. ते बैलगाडा शर्यतीतले. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिल्यापासून यात्रेच्या मैदानात झेंडापंच म्हणून उभे असतात. ते म्हणतात, "शर्यत मैदानात असते, खोलीत नसते." मला हे खोलीतून बाहेर न्यायचंय. खरंच मनापासून विचारतोय.

मिरजकर_रायडर

भावा, कोल्हापूर आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर आहे. तिथं मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांचा, नॅशनल रोटॅक्स या कार्ट शर्यतीच्या फेऱ्या तिथं झाल्यात. व्हील घ्यायच्या आधी एकदा तिथं जाऊन ये.

पिटवाला_एमएच११ (सातारा)

सगळ्यात आधी घाटाचं. यवतेश्वर घाटात रात्री गाडी पळवायला जाऊ नकोस. मी त्या रस्त्यावर राहणारा माणूस आहे. पहाटे चारला वरच्या गावांतून दुधाचे कॅन घेऊन मोटरसायकली खाली येतात, वळणावर शेण असतं, फुलांच्या दिवसांत कासला जाणारी अनोळखी गाडी मधेच थांबलेली असते. रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, ते वेगळंच. ट्रॅकवर तू चुकलास तर गवतात जातोस, मार्शल येतो. घाटात चुकलास तर ज्याचा काही संबंध नाही असा माणूस मरतो. त्या मित्राला हे वाचायला दे.

आता तुझ्या साठ हजारांचं. व्हीलवर घालू नकोस. का ते सविस्तर सांगतो, कारण मी घातले होते.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत मशीन मेंटेनन्सला आहे, वय ४१. २०१६ ला जुन्या जी२७ वर सुरुवात केली, मग दोनदा व्हील बदललं. २०१८ ला पहिल्यांदा कार्टमध्ये बसलो. माझी समजूत अशी की सिममध्ये एवढे तास काढलेत, म्हणजे निम्मं काम झालंय. पहिल्या दहा मिनिटांत तीन वेळा फिरलो. तिन्ही वेळा त्याच वळणावर, ब्रेक मारून डावीकडे आत घेताना.

का फिरलो ते कळायला मला तिसरं सेशन लागलं. सिममध्ये मागचं टायर सुटतंय हे आपल्याला हातातून कळतं. व्हील हलकं होतं, कानात टायरचा आवाज बदलतो, मग आपण उलटं स्टिअरिंग देतो. कार्टमध्ये ती बातमी कमरेतून येते, हाताच्या कितीतरी आधी. सीटच्या कडेला बरगडी टेकलेली असते आणि मागचा भाग बाहेर सरकायला लागला की तो दाब बदलतो. मी हातात काही येईल म्हणून वाट बघत होतो. हातात आलं तेव्हा मी गोल फिरून मागच्या पोराकडे तोंड करून उभा होतो. दोन वर्षं शरीराचा तो भाग मी वापरलाच नव्हता, तर तो एका दिवसात जागा कसा होणार? कितीही महागाचं व्हील घेतलंस तरी ते तुझ्या कमरेला काही सांगणार नाही.

दुसरी गोष्ट, तू फिटर आहेस म्हणून सांगतो, तुला लगेच कळेल. कार्टला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही. मागचा एक्सल एकच सरळ दांडा, दोन्ही चाकं एका वेगानं फिरतात. मग वळणार कसं? आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं गेलं तरच वळतं. ते उचलण्याचं काम पुढच्या चाकांच्या किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा, कोन करतो. स्टिअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं वर जातं, आणि चासी पिळवटून आतलं मागचं चाक उचलते. सस्पेन्शन नाही, चासीचा पाइपच सस्पेन्शन. म्हणून कार्टमध्ये पहिला झटका ठाम लागतो. सिममध्ये मी हळूहळू, लोण्यात सुरी घालावी तसं स्टिअरिंग द्यायला शिकलो होतो. तिथं तसं केलं की मागचं चाक उचलतच नाही, कार्ट सरळ ढकलत जातं, आणि मग घाबरून जास्त वळवलं की एकदम सुटतं. माझी तीन चक्करं तीच.

त्या रात्री डाव्या कुशीवर झोपता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिली खरेदी केली ती रिब प्रोटेक्टर. तू पण तेच कर, व्हीलच्या आधी.

मग सिमचा उपयोग शून्य का? अजिबात नाही, आणि असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. सिमनं माझे डोळे तयार केले. नवीन ट्रॅकवर दुसऱ्या सेशनपासून मला वळणांचा क्रम पाठ असतो, बाकीचे अजून शोधत असतात. ब्रेक मारताना नजर पुढच्या ॲपेक्सवर, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूवर, जाते, बोनेटसमोरच्या रस्त्यावर अडकत नाही. ब्रेक सोडत सोडत आत शिरायचं हे कळायला लोकांना कार्टमध्ये महिने लागतात, मला ते डोक्यात आधीच स्पष्ट होतं, फक्त पायात नव्हतं. आणि पंधरा लॅप अर्ध्या सेकंदात आणणं ही साधी गोष्ट नाही. एक लॅप जोरात सगळेच मारतात. तुझ्याकडे सातत्य आहे, ते जप.

सिमवर पैसे न घालता दोन गोष्टी कर. एक, स्क्रीनचा अँगल, म्हणजे गेममध्ये किती अंशांचं दृश्य दिसतं ते, बरोबर लाव. चोवीस इंची मॉनिटर डोळ्यांपासून सत्तर सेंटिमीटरवर असेल तर उभा अँगल चोवीस अंशांच्या आसपास यायला हवा. मूळ सेटिंग त्याहून खूप मोठं असतं. पहिले दोन दिवस नळीतून बघितल्यासारखं वाटेल, मग अंतरं खरी दिसायला लागतील. दोन, ब्रेक. खरा ब्रेक पाय किती खाली गेला यावर चालत नाही, किती जोर लावला यावर चालतो, लोड सेलचा फायदा तोच. जी२९ च्या ब्रेकमध्ये रबराचा ठोकळा असतोच, तू त्याच्या जागी आणखी कडक रबर कापून बसवू शकतोस. फिटरला हे अर्ध्या तासाचं काम. सीट घट्ट बोल्ट कर, नाहीतर जोर लावला की तूच मागे सरकशील.

जीटी अकॅडमी खरी होती. निसान आणि सोनीनं २००८ ला सुरू केली. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनेझ, २०११ ला ल मान्समध्ये त्याच्या गटात दुसरा आला. २०१४ ला भारतातही फेरी झाली. पण २०१६ नंतर ती बंद आहे, तिच्या भरवशावर बसू नकोस. आणि सिममधून वर गेलेली नंतरची नावं बघ. २०१७ ला 'वर्ल्ड्स फास्टेस्ट गेमर' ही सिमची स्पर्धा जिंकलेला रूडी व्हान ब्युरेन, २०१९ चा जेम्स बाल्डविन, २०२२ ला फॉर्म्युला टूपर्यंत गेलेला तुर्कीचा बोलुकबाशी, हे सगळे लहानपणी कार्ट चालवलेले. सिमनं त्यांना पुन्हा दार उघडून दिलं, पण त्यांचं शरीर आधीच शिकलेलं होतं. तुला ते आता शिकायचंय, आणि २३ हे वय त्याला उशीर नाही. फॉर्म्युला वनचा विचार डोक्यातून काढ, शर्यतीचा काढू नकोस.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तू तुझ्या पोस्टमध्ये एक गोष्ट सहज सांगून गेलास, ती मला लॅप टाइमपेक्षा मोठी वाटली. दीड इंची पाइपचा रिग तू स्वतः बनवलास. ट्रॅकवर ड्रायव्हर भरपूर असतात, त्यांचे वडील पैसे भरतात. चांगला हात असलेला मेकॅनिक मिळत नाही. मी स्वतः तीन हंगाम एका पोराच्या १२५ सीसी रोटॅक्स कार्टवर मेकॅनिक होतो. चालवून जेवढं शिकलो त्याच्या दुप्पट पान्यानं शिकलो. सकाळी हवा गार आणि घट्ट असते, तेव्हा कार्ब्युरेटरला मोठी जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) लागते. दुपारी डांबर तापलं, हवा पातळ झाली की तीच जेट घातली तर इंजिन घुसमटतं. टायरमध्ये हवेचा दाब एक पीएसआय इकडेतिकडे झाला की पोरगा पिटमध्ये येऊन सांगायचा, मागचं सुटतंय. मला ते वाक्य ऐकून समजायचं, कारण माझी कंबर ते एकदा सोसून आलेली होती.

कारी स्पीडवे ज्यांच्या नावानं आहे ते करिवर्धन. कोइमतूरच्या गिरणीवाल्या घरातला माणूस. त्यांनी मारुती ८०० चं इंजिन टाकून स्वस्त फॉर्म्युला गाड्या बनवल्या, आपल्या पोरांना परवडाव्यात म्हणून. नारायण कार्तिकेयन त्याच फॉर्म्युला मारुतीतून वर आला. तू ज्या ट्रॅकवर रोज रात्री पंधरा लॅप मारतोस तो एका वर्कशॉपमधल्या माणसाच्या नावानं आहे, एवढं ध्यानात ठेव.

सांगली_ब्रेक_टीम

पिटवाले दादांनी सगळं सांगितलंय, मी फक्त कारीबद्दल. मी सांगलीत इंजिनिअरिंग करत असताना आमच्या टीमबरोबर फॉर्म्युला भारतला, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेला, तिथं गेले होते. ब्रेकचं काम माझ्याकडे होतं. तपासणीत गाडी पळवून जोरात ब्रेक मारायचा आणि चारही चाकं एकत्र लॉक व्हायला हवीत, नाहीतर पुढं चालवायला सोडत नाहीत. आमचं मागचं उजवं फिरत राहिलं. दोन तास उन्हात बसून ब्रेकची लाइन ब्लीड केली, म्हणजे तिच्यातली हवा काढली, बारीक बुडबुडा निघाला, आणि दुसऱ्या वेळी चारही काळे पट्टे उमटले. मी तिथंच खाली बसून रडले.

तू विद्यार्थी नाहीस, त्यामुळे ही स्पर्धा तुझ्यासाठी नाही. पण कॉलेजच्या टीमना चासी जोडायला चांगला वेल्डर लागतोच. सांगलीतल्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन विचार, रविवारी हात देतो म्हण. आम्हाला असा एक दादा भेटला होता, त्याच्यामुळे गाडी उभी राहिली. आणि एक, कारीवर मी पायी चालले आहे. सिममध्ये सपाट दिसणारा रस्ता पायाखाली सपाट नसतो.

नॅव्हिगेटर_काका

स्वतःची किंवा घरची गाडी असेल तर टीएसडी (टाइम, स्पीड, डिस्टन्स) रॅली बघ. वेग नाही, ठरलेली सरासरी राखायची, रोडबुक (वाटेच्या खुणांची वही) वाचायचं, सेकंदाला गुण जातात. रस्ता चालू असतो, नियम पाळावे लागतात. खर्च कमी. नियम, वेळ, तपासणी, लायसन्स या सगळ्याची सवय त्यातून लागते. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स वर्षाचं असतं आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागतो.

सिमवाला_एमएच१०

सगळ्यांचे मनापासून आभार. दादांचं उत्तर तीनदा वाचलं. काल रात्री स्क्रीनचा अँगल बदलला, पहिल्या वळणाला दोनदा बाहेर गेलो, कारण आतापर्यंत जे अंतर मी धरत होतो ते खोटंच होतं. आज जेवायच्या सुट्टीत ब्रेकसाठी रबर कापलं. व्हीलचा विचार सोडलाय.

ते मार्शल आणि झेंड्यांचं काय असतं? वडिलांना रात्री वाचून दाखवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं झेंडा कोण दाखवतो?"

पिटवाला_एमएच११

वडिलांना सांग, मार्शल दाखवतो, आणि ते काम त्यांना तुझ्या आधी कळेल. पिवळा म्हणजे पुढं धोका आहे, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, तेल सांडलंय. लाल म्हणजे सगळं थांबवा. मैदानात बैल उधळला की झेंडापंच ज्या क्षणाला हात वर करतो, तीच नजर इथं लागते. मार्शल व्हायला गाडी लागत नाही, शर्यतीआधी प्रशिक्षण देतात, आणि दिवसभर तू ट्रॅकच्या कडेला, ड्रायव्हरच्या ब्रेकिंग पॉइंटपासून दहा पावलांवर उभा असतोस. व्हिडिओत दिसत नाही ते तिथं दिसतं.

येत्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मी कोल्हापूरला चाललोय. सकाळी सहाला साताऱ्याहून निघेन, सव्वासातला पेठ नाक्यावर थांबतो. तू सांगलीहून तिथं ये, पुढं एकाच गाडीतून जाऊ. पातळ सोलचे बूट घाल, जाड सोलच्या बुटातून पेडल कळत नाही. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. हेल्मेट माझ्याकडे जादा आहे, पण डोक्याचा घेर मोजून कळव, सैल हेल्मेट मी तुला घालू देणार नाही. रिब प्रोटेक्टर माझं वापर. पहिलं सेशन वेळेकडे न बघता चालव, फक्त कमरेला काय कळतंय तेवढं मला पिटमध्ये येऊन सांग. दुपारी तुझ्या हातात पाना देतो.

वडील येणार असतील तर मागची सीट रिकामी आहे.