घाट चढताना जुनी गाडी गरम होते. रेडिएटर बदलावा का?

प्रश्न (अंबाजोगाई)
नमस्कार. माझी २००८ सालची छोटी पेट्रोल गाडी १ लाख ३० हजार किलोमीटर चालली आहे. वडिलांना तपासणीसाठी महिन्यातून दोनदा बीडला न्यावे लागते. परतताना मांजरसुंब्याच्या घाटात एसी चालू असला की टेम्परेचरचा काटा लाल पट्टीपर्यंत जातो. गावातल्या गर्दीत मात्र तो जागचा हलत नाही. आठवड्याला अर्धा लिटर पाणी कमी होते आणि ते मी घरच्या बोअरचेच भरतो. मिस्त्रींनी गेल्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, आता रेडिएटर बदला म्हणतात. वडील सोबत असताना भर उन्हात अडकून पडण्याची फार धास्ती वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (लातूर)
दादा, काटा केव्हा चढतो हे तुम्ही नीट पाहिले आहे, त्यामुळे निम्मे निदान झालेच आहे. उभ्या गाडीत काटा चढून पळत्या गाडीत उतरत असता तर पंखा किंवा त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) तपासा म्हटले असते. तुमची गाडी चढावर, म्हणजे इंजिनावर भार आल्यावर तापते, त्यामुळे पाणी पुरेसे फिरत नसावे किंवा रेडिएटरमध्ये निवत नसावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने माठाला बाहेरून जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून धरतो. यापुढे डिस्टिल्ड पाण्यात निम्मे कूलंट मिसळूनच भरा.

वॉल मात्र परत बसवून घ्या. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो नसला की इंजिन थंडीत लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त लागते, आणि काही इंजिनांत गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरत राहतो.

रेडिएटरवर खर्च करण्याआधी पाणी जाते कुठे हे शोधा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरची टोपी काढून तिचे रबर पाहा. टोपीने ०.९ बार दाब धरला तर साधे पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झाले की हा आधारच जातो.

उत्तर (परभणी)
वरील सल्ल्याशी सहमत आहे. ऑइलची पट्टी काढून ऑइल दुधाळ झालेले नाही ना, हेही पाहा. तसे असल्यास हेड गॅस्केटची (इंजिनाचे हेड म्हणजे वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) शंका घ्यावी लागते. काटा लाल पट्टीत असताना मी ‘गाव आलेच’ म्हणून ४ किलोमीटर गाडी रेटली आणि हेड वाकले; फेसिंगसह (हेड घासून पुन्हा सपाट करण्यासह) जो खर्च आला, त्यात रेडिएटर आणि पंप दोन्ही नवे आले असते. घाटात काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाईल. वडिलांना त्याचा त्रास होईल, म्हणून काचा उघडा आणि सावली दिसताच थांबा. पाऊण तास तरी टोपीला हात लावू नका. आतले पाणी उसळून चेहरा-हात भाजतात.

प्रश्नकर्ता (अंबाजोगाई)
आपणा दोघांचा आभारी आहे. आज सकाळी पाहिले तेव्हा टोपीचे रबर दोन ठिकाणी चिरलेले होते, आणि वॉटर पंपाखाली बोटाएवढा रुंद पांढरा ओघळ वाळलेला सापडला. ऑइल स्वच्छ आहे. सोमवारी पंप, टोपी आणि वॉल बदलून रेडिएटर आतून धुऊन घेतो. तोवर वडिलांना एसटीने नेईन.